कागदावर नसलेला सौना

हेमलॉक लेक, मिशिगन
९ जून २०११

प्रिय आर्वो,

पाकीट बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मागे तुमचा टीव्ही कोकलत असतो, म्हणून लिहायला बसले. मार्लिसचं डायलिसिस अजून आठवड्यातून तीनदाच आहे ना? तिला सांग, नणंद विचारत होती.

आता काम. मंगळवारी त्या जमीन राखणाऱ्या संस्थेकडून वार्षिक पाहणीला नवीनच मुलगी आली. तो गुडघेदुखीवाला हॅस्केल आठवतो? सोळा वर्षं यायचा, रस्त्यावरूनच झाडं बघायचा, मग स्वयंपाकघरात बसून वेलदोड्याच्या पावाचे चार तुकडे हाणायचा आणि 'सगळं ठीक' लिहून जायचा. तो निवृत्त झाला. ही टेसा. पायात चिखलाचे बूट, हातात विमानातून काढलेला आपल्या जमिनीचा फोटो. म्हणते, "मिसेस कार्पेला, तळ्याकाठी हे छप्पर कसलं?"

मी म्हटलं, "अगं, सौना आहे, वाफेचं न्हाणीघर. दुसरं काय असणार?" आणि मूर्खासारखी मोठ्या हौसेने तिला खाली घेऊन गेले. दार उघडून बाकं दाखवली, चूल दाखवली, दगड दाखवले. म्हटलं, शनिवारी ये, तापवते. पोरीचा चेहराच उतरला.

तिने चौऱ्याण्णव सालचा पाहणी अहवाल काढला. करार करताना जमिनीवर काय काय आहे त्याची जी नोंद केली होती, ती. त्यात लिहिलंय, 'तळ्याकाठी एकही बांधकाम नाही.' करार तुला माहीतच आहे, बाबांना तूच पटवला होतास. जमीन आपल्याच नावावर, पण प्लॉट पाडायचा आणि नवं बांधायचा हक्क बाबांनी कायमचा संस्थेकडे सोडून दिला. घराभोवती दोन एकरांचं वर्तुळ, त्याच्या आत काय ते करा, बाहेर काहीही उभं करायचं नाही. म्हणजे कागदाप्रमाणे आपला सौना नंतर कुणीतरी चोरून बांधलाय! आजोबांनी १९१२ साली बांधलेला सौना!

मला वाटतं बाबांची जुनी खोड. कर लावणारा माणूस वही घेऊन आला की गावातले सगळे सौना कसे गायब व्हायचे, आठवतं? आपण दोघं ते झाकायला फर झाडाच्या फांद्या ओढत आणायचो आणि आई खिडकीतून ओरडायची, धुराडं दिसतंय, धुराडं झाका! पण ते झालं पन्नास साली. चौऱ्याण्णव साली असलं कोण करतं?

एक सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. तोवर सौना आधीपासून होता याचा पुरावा द्यायचा, नाहीतर पाडायचा. आईचा तो फोटो हवाय, धक्क्यावर बसून चिंध्यांच्या सतरंज्या धुतेय आणि मागे सौना आहे. पाठीमागे तिच्या अक्षरात सालही आहे. फोटोंचं खोकं बाबा गेल्यावर तू नेलंस. तेवढं शोध आणि लगेच पाठव.

तुझी
लेम्पी


डुलुथ, मिनेसोटा
२४ जून २०११

प्रिय लेम्पी,

तुझं पत्र मिळालं. उशीर झाला, माफ कर. सोमवार, बुधवार, शुक्रवार दवाखान्यात जातात, आणि उरलेले दिवस मार्लिस झोपून काढते, मी तिच्याकडे बघत काढतो. दमलोय एवढंच म्हणतो.

खोकं पाहिलं. तो फोटो त्यात नाही. बहुधा आईच्या बहिणीकडे गेला असेल, आणि तिच्या घरातलं सामान कसं विखुरलं ते तुला ठाऊकच आहे.

आता थोडं स्पष्ट बोलतो, रागावू नकोस. मी इथल्या तळ्याकाठच्या रहिवाशांच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून नऊ वर्षं हेच काम करतोय. दर उन्हाळ्यात कुणीतरी काठावर काहीतरी बांधतो आणि म्हणतो, हे आधीपासूनच होतं. सगळे हेच म्हणतात. मी त्यांना नोटिसा पाठवतो. एकाला सूट दिली की दुसऱ्या दिवशी दहा जण दारात. बाबांना तळ्याचा तो काठ जसाच्या तसा राहायला हवा होता, म्हणून तर त्यांनी करार केला. मग त्यातला एक नियम आपल्याला टोचला म्हणून ओरडायचं का?

आणि तू सत्तर वर्षांची आहेस. हिवाळ्यात त्या उतारावरून बादल्या घेऊन जातेस, मला इथे धास्ती वाटते. हल्ली विजेवर चालणारे सौना मिळतात. घराच्या तळघरात बसवून घे. घर वर्तुळात आहे, कुणी काही म्हणणार नाही. हवं तर मी चौकशी करतो.

तुझा
आर्वो


हेमलॉक लेक
३ जुलै २०११

आर्वो,

विजेवरचा सौना! बरा आहेस ना? ब्रेड भाजायच्या यंत्रात मी बसू?

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाटलं, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभी आहे. मला नोटिसा नको पाठवूस रे, माझ्याकडे एक आलेली आहे. नियम मला तुझ्याइतकेच आवडतात. समोरच्या काठावर शिकागोवाल्यांचे अकरा बंगले झालेत, रात्रभर दिवे, दिवसभर मोटारबोटी. लून पक्षी आता फक्त आपल्याच बाजूला अंडी घालतात. यंदा दोन पिल्लं आहेत. मला संस्थेशी भांडायचं नाही. माझं म्हणणं एवढंच, जे होतं ते होतं म्हणा.

तू त्या सौनात जन्मलास. मीही. दाई येईपर्यंत आईने बाकावर पडून दात आवळले होते, हे तिनेच सांगितलंय. ती गेली तेव्हा मी आणि मावशीने तिला तिथेच न्हाऊ घातलं. बाबांची शेवटची अंघोळ तिथली, मी पाठ चोळून देत होते आणि ते म्हणत होते, जरा जोरात, पोरी, मी काचेचा नाही. बारा वर्षं झाली मला इथे परत येऊन. शनिवार सोडला तर बाकीचे सहा दिवस मी नुसती रेटते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगतेय.

साक्षीदार म्हणून शेजारच्या ऊर्होला विचारलं. तो म्हणाला, "शपथेवर सांगतो, सौना होता!" पण त्याच दमात त्याने शपथेवर हेही सांगितलं की त्याची तांबडी गाय गोठ्यात आहे. ती गाय मरून चाळीस वर्षं झाली. टेसाने वही मिटली. बिचारीने ऊर्होला गायीचं नावही विचारलं, तेवढी माणुसकी आहे तिच्यात.

तिने मला त्या जुन्या अहवालाची प्रत दाखवली. शेवटी एक वाक्य आहे, 'आम्ही संपूर्ण जमीन फिरून पाहिली असून वरील नोंद बरोबर आहे.' खाली बाबांची सही. तिच्या खाली साक्षीदाराची. प्रत पुसट आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात तू आला होतास ना शिकारीला? कोण असेल रे तो साक्षीदार? तुला काही आठवतंय का?

सावकाश आठव. मला घाई नाही, मुदतीला आहे.

लेम्पी


डुलुथ
२८ जुलै २०११

प्रिय लेम्पी,

गेले तीन आठवडे वाईट गेले. मार्लिसच्या हातातली नळी बंद पडली, दुसऱ्या हाताला शस्त्रक्रिया झाली. आता ठीक आहे.

चौऱ्याण्णव सालचं नीट आठवत नाही. बरीच माणसं येत-जात होती. बाबांचा एखादा मित्र असेल.

आमच्या मंडळाचे वकील आहेत, त्यांना सहज विचारलं. ते म्हणाले, सही केलेल्या अहवालाविरुद्ध जाणं कठीण. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात.

खोकं पुन्हा एकदा पाहिलं. फोटो नाही.

आर्वो


हेमलॉक लेक
१५ ऑगस्ट २०११

प्रिय आर्वो,

मार्लिसचं ऐकून वाईट वाटलं. तिच्यासाठी लोकरीचे हातमोजे विणलेत, सोबत पाठवतेय. ऑगस्टमध्ये हातमोजे कसले म्हणशील, पण तिथे दवाखान्यात तिचे हात गार पडत असतील.

मी हात टेकले. काल टेसा आली होती. तिला कॉफी दिली, पाव दिला, ती खाईना. म्हणाली, "मिसेस कार्पेला, दोनच शक्यता आहेत. सौना होता, म्हणजे तुमचे वडील आणि साक्षीदार दोघांनी खोटी सही केली. किंवा नव्हता, म्हणजे नंतर तुम्ही बांधला. पहिलं असेल तर मला मूळ कागद मुख्य कार्यालयातून मागवावा लागेल, आणि साक्षीदाराला शोधून जबाब घ्यावा लागेल."

मी म्हटलं, नको मागवूस. मीच बांधला.

त्या भिंतींचे ओंडके काजळीने काळेकुट्ट झालेत, शंभर वर्षांची काजळी. ती काही आंधळी नाही. तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नव्व्याण्णव साली बांधला, नियम माहीत नव्हता, चूक झाली, लिही." सोमवारी मी त्या कागदावर सही करणार आहे. बाबांचं नाव खराब व्हायला नको, एवढंच.

ऊर्होची मुलं पुढच्या आठवड्यात येतायत पाडायला. आधी छप्पर, मग भिंती. बाकं मी स्वतःच काढतेय, हळूहळू. एक काढलं की बसावं लागतं, आणि बसायला तेच बाक असतं.

तू म्हणालास तसं, सोडून देतेय. भांडायला अंगात जोर उरला नाही.

लेम्पी


डुलुथ
२२ ऑगस्ट २०११

लेम्पी,

ती सही माझी आहे.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मार्लिसने हातमोजे घातले आणि विचारलं, काय लिहितेय लेम्पी? मी म्हटलं, काही नाही. आणि पत्र चार दिवस टेबलावर पडू दिलं. आज तिने ते वाचलं. मला म्हणाली, "तू लिहितोस, की मी लिहू?"

सगळं सांगतो. त्या ऑक्टोबरात बाबांना कळलं की उद्या सकाळी संस्थेचा माणूस वही घेऊन जमीन बघायला येणार. मी सांगून दमलो, बाबा, हा कर लावणारा नव्हे, हा आपल्या बाजूचा माणूस आहे, सौना दाखवलात तर तो नोंदेल आणि मग तो कायमचा राहील. ते म्हणाले, "वहीवाला तो वहीवाला. एकदा लिहिलं की ते त्याचं झालं." कुऱ्हाड घेऊन निघाले. एकोणऐंशी वर्षांचे होते. एकट्याने फांद्या तोडतायत हे बघवेना, म्हणून मीही गेलो. लेम्पी, खरं सांगू? मला मजा आली. कोट घातलेला मुख्याध्यापक मी, आणि फांद्या ओढत होतो, आणि बाबा ओरडत होते, धुराडं, धुराडं झाक! दोघं हसून हसून खाली बसलो. त्यांना इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाला आम्ही दलदलीच्या बाजूने फिरवून आणलं. संध्याकाळी कागद समोर आला. बाबांनी सही केली. मी म्हटलं, बाबा, यात लिहिलंय एकही बांधकाम नाही. ते म्हणाले, "बांधकाम कुठाय? तो सौना आहे." आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात बांधकाम म्हणजे गोठा, घर, कोठार. मला मात्र अर्थ कळत होता. मी वाचून, समजून सही केली. वाटलं, पुढच्या वर्षी संस्थेला सांगून दुरुस्त करू. सतरा वर्षं गेली.

फोटो कधीच हरवला नव्हता. पहिलं पत्र आलं त्याच दिवशी सापडला. तुला 'नाही' लिहिलं तेव्हा तो माझ्या कोपराशी होता. तो पाठवला की पहिला प्रश्न सहीचा येणार, हे मला कळत होतं. मी लोकांना नोटिसा पाठवतो गं. माझी सही अशी निघाली तर मंडळात तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात होतं. तुझा शनिवार डोक्यात नव्हता.

फोटो आणि माझा जबाब आज टेसाला रजिस्टर्ड टपालाने पाठवला. मंडळाचा राजीनामाही दिला. तू कशावरही सही करू नकोस. केली असशील तर मागे घे. आणि ऊर्होच्या मुलांना थांबव.

मला लाज वाटते.

आर्वो


हेमलॉक लेक
१८ सप्टेंबर २०११

प्रिय आर्वो,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण संस्थेचा निर्णय व्हायचा होता, आणि माझाही राग उतरायचा होता. निर्णय काल आला. राग अजून पुरता उतरलेला नाही, पण थांबून काय करू?

तुझं पत्र पंचवीस तारखेला पोचलं. ऊर्होची मुलं तेवीसला आली होती. चोवीसला संध्याकाळपर्यंत छप्पर निघालं. पत्रे, तुळया, धुराडं, सगळं ट्रकमध्ये घालून नेलं. पत्र वाचलं तशी मी चपला न घालता खाली पळत गेले, या वयात, आणि ते पहिला ओंडका काढायला पहार लावत होते. "थांबा रे, थांबा!" एवढं ओरडले की लून उडाले.

टेसाने खूप धडपड केली. माझ्या सहीचा कागद फाडून टाकला, तुझा जबाब आणि फोटो घेऊन सभेत तासभर उभी होती म्हणे. त्यांनी मान्य केलं की सौना आधीपासून होता. बाबांवर किंवा तुझ्यावर काही कारवाई नाही, तुझा जबाब नोंदीला जोडला आणि विषय मिटवला. पण वर्तुळाबाहेरच्या जुन्या बांधकामाची डागडुजी चालते, काढून टाकलेला भाग पुन्हा उभारता येत नाही, असं करारात आहे. टेसाने ते कलम मला तीनदा वाचून दाखवलं आणि तिसऱ्यांदा तिलाच रडू आलं. मीच तिला पाव खाऊ घातला. नियम बरोबर आहे, आर्वो. शिकागोवाल्याने हे केलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. तर आता चार भिंती उभ्या राहतील, पडेपर्यंत. छप्पर घालता येणार नाही.

काल शनिवार होता. सवयीने टॉवेल घेऊन खाली गेले. चूल पेटवली, दगड तापले, पाणी ओतलं, वाफ सरळ आभाळात गेली. तरी बसले. पाठ गार आणि गुडघे गरम. अर्ध्या तासाने वर आले आणि घरात नळाखाली अंघोळ केली.

आणखी एक सांगायचंय. तू सगळं सांगितलंस, मग मी कशाला ठेवू? ती प्रत दुसऱ्यांना पुसट असेल, मला नव्हती. तुझं ते फाटे फुटलेलं 'निस्काला' आडनाव तू पाटीवर गिरवत होतास तेव्हापासून मी ओळखते. तीन जुलैला पत्र लिहिताना मला माहीत होतं. तुला आठवतंय का म्हणून विचारलं ते तुला तोंड उघडायला वाट द्यावी म्हणून. तू म्हणालास, बाबांचा मित्र असेल. मग ठरवलं, माझ्या नावावर घेते. बाबा मेलेले, त्यांच्या नावाला कोण काय करणार होतं? तुझ्यासाठी केलं मी ते. तू आधीच इतका दमलेला दिसत होतास पत्रांतून.

मला वाटलं होतं माझं मन मोठं आहे, मी हे पोटात ठेवीन. जमत नाही. छप्पर नसलेल्या सौनात बसलं की जमत नाही.

मार्लिसला बरं वाटलं की तिला घेऊन ये. इथून चाळीस मैलांवर डायलिसिसची सोय आहे, मी विचारून ठेवलंय. आपण भांडू, जेवू, तू खाली जाऊन त्या भिंती बघ. मी तुझ्याशी बोलणं टाकणार नाही, तेवढी भीती बाळगू नकोस. पण हेही ऐकून ठेव, मी एकदाच लिहिणार आहे. जुलैत तू मला एवढंच लिहायचं होतंस, 'लेम्पी, ती सही माझी.' फोटो नसता पाठवलास तरी चाललं असतं. आपण दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं, आणि काल मला थंडी वाजली नसती.

तुझी
लेम्पी